चष्मा नाकावर

चौथीच्या बाई वर्गात असायच्या, पण जीव घरी टांगलेला. घरी म्हातारे वडील. हल्ली त्यांना काही आठवत नसे आणि दार उघडं दिसलं की ते चालू पडत. म्हणून बाई बाहेरून कडी घालून यायच्या. शेजारीण अधूनमधून डोकावून फोनवर कळवी. टेबलावर फोन गुरगुरला की बाई डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढत, वाचत, भागाकार अर्ध्यावर टाकून खिडकीशी जात, परत येत. आवाज मात्र कधी चढवला नाही. पोरांना काही कळत नाही, असं त्या धरून चालल्या होत्या.

एका सकाळी मुंगीची आई दारात उभी राहिली. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात बारकी.

“बाई, काल पुन्हा फ्रॉक भिजवून आली. हिला शेजारच्या वर्गात घाला.”

“अहो, करंगळी दाखवावी न् जावं. मी कधी नाही म्हटलंय?”

मुंगी आईच्या पदराआड. उत्तर दिलं वर्गातल्या वकिलीणबाईने, म्हणजे जिला गप्प बसवत नसे तिने.

“तुमचा चष्मा नाकावर असला की कुणी काही मागायचं नाही, बाई. ठरलंय आमचं. पाणीसुद्धा नाही.”

“मी ओरडते का गं?”

“नाही ना! ओरडला असता तर कशाबद्दल ते तरी कळलं असतं.”

बाई मटकन खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, “माझे बाबा घरी एकटे असतात. हरवतील म्हणून भीती वाटते मला. तुमच्यावर राग नसतो रे तो.”

मुंगीची आई जरा नरमली. “सोमवारपर्यंत बघते. मग नाही ऐकायची.”

शुक्रवार आला तरी मुंगीची करंगळी मुठीतच. बाईंनी “जायचंय का?” विचारलं की आणखी आक्रसायची. तेवढ्यात फोन गुरगुरला. चष्मा नाकावर, वर्ग चिडीचूप. आज मात्र बाईंनी मोठ्याने वाचलं, “जेवले. आता चप्पल शोधतायत.”

“लपवा म्हणावं!” वकिलीण ओरडली. “माझे आजोबा चष्मा फ्रीजमध्ये ठेवतात!”

वर्ग खिदळला. त्या गोंधळात एक बारकी करंगळी वर आली.

“पळ!” बाई म्हणाल्या. चष्मा तसाच नाकावर.

लगेच निम्म्या वर्गाच्या करंगळ्या वर.

“एकेक रे, लबाडांनो!” म्हणत बाईंनी शेजारणीला लिहिलं, चप्पल पलंगाखाली सरकवा. अन् नजर दारावर, मुंगी परत येईपर्यंत.