रविवारी सायमनकाकांचं शटर बंद

आमच्या परळच्या चर्चमधले किस्से कधी एवढे साठले, कळलंच नाही. मी तिथे ऑर्गन वाजवते. उपासना सुटली की अंगणात चहा होतो आणि चहाबरोबर कुणीतरी एखादा किस्सा सोडतंच. निम्म्या किश्शांत सायमनकाका असतात, उरलेल्यांत त्यांची थोरली बहीण, प्रमिलाआत्या. काकांचं डिलाईल रोडला घड्याळदुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. रविवारी शटर बंद म्हणजे बंद! प्रभूचा दिवस पाळायचा, हे आत्यांनीच त्यांच्या अंगात लहानपणापासून मुरवलेलं.

*

एकदा गणपतीतला रविवार. लालबागच्या गर्दीतून वाट काढत मंडळाचे सावंत थेट काकांच्या घरी. मंडपातलं मोठं घड्याळ बंद पडलेलं, आरतीच्या वेळेचा सगळा घोळ.

"काका, पाच मिनिटांचं काम आहे, बघा ना!"

"उद्या सकाळी पहिलं तुमचं."

"अहो, बाप्पा थांबणार काय उद्यापर्यंत?"

"सावंत, तुमचे बाप्पा दहा दिवस आहेत. माझा रविवार एकच!"

सावंत हसतच गेले. सोमवारी शटर वर जायच्या आधी घड्याळ आणि मोदकांचा डबा घेऊन दारात हजर!

*

आत्या काकांहून कडक. रविवारचं जेवण शनिवारीच रांधून ठेवणार. सुनेने एकदा कंटाळून फोनवरून बिर्याणी मागवली. डिलिव्हरीवाला आला, चांगला पन्नाशीचा माणूस, जिने चढून घामाघूम. दार उघडलं नेमकं आत्यांनी! सुनेला वाटलं, आता आपली खैर नाही. पण आत्यांनी त्यालाच हाताला धरून आत आणलं.

"बसा इथे. रविवारी चाकरालाही विश्रांती द्या, असं देवाच्या आज्ञेतच सांगितलंय."

"मावशी, माझं रेटिंग जाईल ना!"

"आधी पाणी प्या. मग ही बिर्याणी खा."

पार्सल फोडून त्याला वाढलं आणि स्वतः शनिवारची आमटी घेऊन त्याच्यासमोर जेवायला बसल्या. सुनेने बिचारीने मुकाट्याने पाच स्टार दिले.

*

'वेळ ही देवाची देणगी' या विषयावर उपासनेत पाळकसाहेबांचा, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा, संदेश चालू होता. साहेब समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघून आवरतं घेतात. त्या दिवशी ते सव्वादहालाच बंद पडलं. साहेब वर बघायचे, सव्वादहा! की पुन्हा जोमाने सुरू. मंडळींची चुळबुळ वाढली. सगळ्यांच्या नजरा सायमनकाकांवर. काका हाताची घडी घालून शांत. मी ऑर्गनमागून खुणावलं, तर कुजबुजले, "रविवार आहे!"

शेवटी मागच्या बाकावरून आत्यांचा आवाज आला, "पाळकसाहेब, देणगी देवाने आम्हाला दिली, खर्च मात्र सगळी तुम्हीच करताय!"

लगेच शेवटची प्रार्थना झाली.

*

आता सगळ्यात लाडका किस्सा. गेल्या वर्षी आत्यांचं पोटाचं मोठं ऑपरेशन ठरलं, सोमवारी सकाळी. रविवारी उपासना आटोपून काका आणि मी हॉस्पिटलात गेलो. आत्या कधी नव्हे त्या घाबरल्या होत्या. उशीखालून त्यांनी नवऱ्याचं जुनं चावीचं घड्याळ काढलं. नवरा शिवडीच्या गोदामात नोकरीला होता, तेव्हा रोज मनगटावर असायचं. तो गेला आणि पुढे घड्याळही बंद पडलं.

"सायमन, एवढं चालू करून दे रे. एकदा टिकटिक ऐकायचीय."

"आज रविवार आहे, ताई."

मला काकांचा असा राग आला म्हणून सांगू!

"अरे, उद्या मी परत नाही आले तर?"

काकांनी घड्याळ रुमालात गुंडाळून खिशात घातलं. आवाज अगदी दुकानातलाच.

"उद्या संध्याकाळी घेऊन येतो. ज्याचं घड्याळ त्याच्याच हातात देतो मी, दुसऱ्या कुणाच्या नाही. गिऱ्हाइकाने हजर राहायचं!"

आत्या आधी चमकल्या, मग हसल्या. "माझाच नियम माझ्यावर उलटवतोस होय रे!"

सोमवारी संध्याकाळी आत्यांनी डोळे उघडले. काकांनी घड्याळ त्यांच्या कानाशी धरलं. आत्यांनी बराच वेळ ऐकलं, मग ते हातात घेऊन भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघितलं.

"दहा मिनिटं मागे आहे की रे हे!"

"असू दे, ताई," काका म्हणाले. "तुला कुठे जायची घाई आहे?"