मालकांसमोरचे काका

“माका सांग, मी आसंय मा,” असं म्हणताना ते उजवा हात छातीवर ठेवायचे. कुणाला सुट्टी हवी, कुणाचा पंखा बंद, सगळ्याला हेच उत्तर, ‘मी आहे ना’. निम्मी कामं व्हायचीही नाहीत, पण ऐकणाऱ्याचा जीव तेवढ्यापुरता हलका व्हायचा. असा एखादा माणूस तुमच्याही कामाच्या जागी असेल.

वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यात मी सुपरवायझर म्हणून लागले तेव्हा ते तिथले जुने मॅनेजर. सगळे त्यांना काका म्हणत. मी खाडीकाठच्या वालावलची, नोकरी पहिलीच. पहिल्या दिवशी त्यांनी मला यंत्रं दाखवलीच नाहीत. बिया फोडणाऱ्या बायकांकडे बोट करून म्हणाले, “आधी बायकांची नावां पाठ कर. मग काम आपसूक जमतला.”

मी नावं पाठ केली. दुपारी बायकांतच बसून जेवू लागले. काका येता-जाता आपल्या डब्यातला बांगडा माझ्या झाकणात टाकायचे. “खा गो. खाडयेच्या माशांचो कंटाळो इलो आसतलो तुका.”

नावं कळली तसे हातही दिसायला लागले. बिया फोडताना टरफलातलं तेल लागून बोटांची सालं निघालेली. हातमोजे इतके पातळ की दुपारपर्यंत फाटायचे. सुलभाला तर घरी हाताने भात कालवता येत नव्हता. मी काकांना सांगितलं.

“म्हायत आसा माका,” ते म्हणाले. “सोमवारी मालक येतत. तूच सांग. नव्या माणसाचा ऐकतत. मी आसंय मा.”

सोमवारी मी सगळं नीट सांगितलं. मालकांनी काकांकडे पाहिलं. “असं आहे का?”

काकांनी खुर्ची सावरली. “माझ्यापर्यंत तरी तक्रार आली नाही, साहेब. या नवीन आहेत. बायकांत बसून जेवतात, त्यामुळे थोड्या वाहवतात.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. त्यांनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच आठवड्यात मला बायकांपासून दूर, पॅकिंगच्या खोलीत बसवलं.

पहिल्याच दुपारी काका डबा घेऊन तिथे आले. “रागावलंस गो? मालकांनी माझ्याकडे बघल्यानी आणि माझी जीभच वळाक नाय.”

“वळली मा, काका. माझ्यार वळली.”

ते बांगडा झाकणात ठेवून गेले. मी तो मांजराला घातला.

पुढे जाड हातमोजे आले, पण ते माझ्यामुळे किंवा काकांमुळे नाही. एका सकाळी सुलभा काम सोडून अंगणात जाऊन बसली. बाकीच्या तिच्या शेजारी. मालकांना मोजे पाठवावेच लागले. खोका उघडून वाटायला काकाच उभे. प्रत्येकीला नावाने हाक मारत होते, एकीचंही चुकलं नाही. तेच मला सहन झालं नाही.

त्यानंतर मी त्यांच्याशी कधी मालवणी बोलले नाही. ‘हो सर, नाही सर,’ एवढंच. ते आपले मालवणीतच बोलत राहिले, जणू त्यांना फरक कळलाच नव्हता.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. आता लेकीकडे गोव्याला राहतात. शेवटच्या दिवशी पॅकिंगच्या दारात येऊन म्हणाले, “जावच्या आधी एकदा घराक ये गो. बायल तुझी आठवण काढता.”

“बघते, सर.”

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, “ठीक आहे. काळजी घ्या.”