बारा खुर्च्या आणि एक घंगाळ

आमच्या मेहकरकडच्या गावात ख्रिस्ती घरं तीसेक. चर्च लहान, पत्र्याचं. बाहेर कडुलिंबाला घंटा टांगलेली आहे, ती माझा दीर वाजवतो. माझ्या नवऱ्याचा हा धाकटा भाऊ. त्याची बायको गेली, माझा नवराही गेला, म्हणून दोन वेळ जेवायला तो माझ्याकडे असतो.

मागे नवे पाळक आले. वयाने पोरगेलेसे, पण डोक्याने बरे. काहीही करायचं तर ते का करतो, हे आधी सांगायचे. चपला बाहेर का, गाणं उभ्यानं का, प्रभुभोजनाची भाकर एकच घेऊन का मोडायची. "अर्थ कळत नसेल तर करू नका," म्हणायचे. मी चौथी शिकलेली, पण एवढं मला पटलं.

ईस्टरच्या आधी त्यांनी सांगितलं, येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले तसे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मी बारा जणांचे धुणार. मालक असून त्याने चाकराचं काम केलं, हेही नीट समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. लक्षात मात्र एवढंच राहिलं की खुर्च्या बारा.

आमच्याकडे पाय धुतात ते लग्नात, जावयाचे. पाय धुवून घेणं म्हणजे मान. कमिटीनं लगेच यादी केली. सेक्रेटरीनं पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. दिराचं नावच नव्हतं.

बुधवारी तो जेवायला आला नाही, म्हणून मीच गेले.

"काऊन आले नाई?"

"भूक नाई. अन् चर्चमंदीबी येत नाई मी आता. घंटा वाजवाले म्या, अन् पाय धुवून घ्याले ते!"

"ईस्टरची घंटा कोन वाजवन मंग?"

"सेक्रेटरी वाजवन. पाय धुतलेले असतीन ना त्याचे."

हसू आलं, पण गोष्ट हसण्यासारखी नव्हती. शेत विकलेलं, पोरगा पुण्याला. चर्च सोडलं तर या माणसाला जायला जागा नाही. दिवसभर माझ्या ओट्यावर बसून बोलला असता, आणि तेवढं ऐकण्याची ताकद माझ्यात नाही.

मी थेट पाळकांकडे गेले. म्हटलं, "पाळकसाहेब, तुमाले वाटते लोक नम्रता शिकून राह्यले. लोक जावई होऊन राह्यले."

ते हसले. "मग काय करू, आजी?"

"अकरा खुर्च्या काढा. एकच ठेवा. जो धुवून घेईन त्यानं उठून दुसऱ्याचे धुवाव."

गुरुवारी बाराही जण टाचा घासून, नखं कापून आले होते. सेक्रेटरीच्या पायांना तर खोबरेल तेल होतं. घरून धुतलेले पाय धुवून घ्यायला आलेली माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. पाळकांनी नवी रीत सांगितली आणि सगळे फरशीकडे पाहू लागले. खुर्ची रिकामी. घंगाळातलं पाणी गार व्हायला लागलं.

मग मी जाऊन बसले. शेळ्यांना पाला टाकून तशीच आले होते. तिथे धुणारच, तर घरी कशाला धुवायचे? पाळकांनी पाय पाण्यात घेतले आणि पाणी काळं झालं. बायका हसल्या. हसू दे.

पाणी बदललं, टॉवेल माझ्या हातात आला. दीर बाहेर घंटेपाशी उभा होता, येणार नाही म्हणाला तरी. मी दारातून हाक मारली, "भाऊजी, या. बसा."

"वयनीनं माह्ये पाय धुवाव? लोक काय म्हनतीन?"

"लोकायचे धुतलेले हायेत. तुमचेच राह्यले. या लवकर, पानी गार होऊन राह्यलं."

आला. अवघडून बसला. त्याच्या डाव्या पायाला मोठं कुरूप होतं. रोज माझ्या हातचं जेवणारा माणूस, लंगडतो हे दिसत होतं, पण का लंगडतो हे मी कधी विचारलं नव्हतं. मी त्या जागी हात हलका ठेवला. तो वर पत्र्याकडे पाहत राहिला.

मग टॉवेल त्याच्या हातात गेला. त्याने सगळ्या मंडळीवर नजर फिरवली आणि बोट केलं थेट सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी आला, खुर्चीत बसला. दिराने त्याचे पाय असे घासले की तेल कुठल्या कुठे गेलं.

"हळू, काका!"

"बस बे चूप. म्या धुतो, तू बस."

दोघंही हसले. पुढे सेक्रेटरीनंही खाली बसून झाडूवालीचे पाय धुतले. ती लाजून मरायची बाकी होती.

ईस्टरला नीट उजाडलंही नव्हतं, तेवढ्यात घंटा सुरू झाली. थांबेचना. मी ओट्यावरून ओरडले, "बस करा, भाऊजी, आयकू आलं!"

घंटा थांबली नाही. मी चहात त्याच्यापुरतं पाणी वाढवलं.