दाढ, दोना आणि प्रोस्टाग्लँडिन

माझ्या बहिणीची सोयरीक माझ्या दाढेमुळे मोडता मोडता राहिली.

गोंदियात माझं औषधांचं दुकान आहे. त्यामुळे नात्यागोत्यात मला अर्धा डॉक्टर समजतात (उरलेला अर्धा मी स्वतः समजतो). बाबा गेल्यापासून घरचा कर्ताही मीच. धाकटी बहीण मंगला, तिची सोयरीक पक्की करायला केशोरीजवळच्या आमच्या गावी जायचं होतं, आणि नेमकी त्याच सकाळी दाढ ठणकायला लागली. निघायच्या घाईत दुकानातून दोन पट्ट्या खिशात कोंबल्या, एक गोळी गिळली, बायकोला मागे बसवलं आणि गाडीला किक मारली.

गावात पोचलो तरी ठणका कमी होईना. बसवेना, उभं राहवेना. अंगणात नुसत्या येरझारा.

"असा काऊन फिरून राहिला गा?" आत्याने विचारलं. "नवरी तू हायेस का मंगला?"

पाहुणे आले, बोलणी झाली. राहिला शेवटचा विधी. आमच्यात मोहाच्या दारूचे चार थेंब पुरख्यांच्या, म्हणजे पूर्वजांच्या, नावाने भुईवर सांडतात, मग दोन्हीकडचे कर्ते एकाच दोन्यातून घोट घेतात. घोट घेतला की सोयरीक पक्की. न घेणं म्हणजे पोरगी देत नाही असं तोंडावर सांगणं.

मुलाचे वडील दसरूबाबा यांनी पळसाच्या पानांचा दोना माझ्यापुढे धरला. मी हात मागे घेतला.

"मले नाही चालत."

दाराआडून मंगला माझ्याकडे अशी बघायला लागली की दाढ क्षणभर ठणकायची विसरली.

"काऊन सोयरे, पोरगं पसंत नाही का?" दसरूबाबांनी विचारलं.

"पोरगं चांगलं आहे जी. मी दुखण्याची गोळी खाल्ली आहे."

इथे थांबलो असतो तर निभावलं असतं. पण समोर एवढे श्रोते आणि मी गप्प बसणार? मी सुरूच झालो. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचा एक पदार्थ असतो. तोच दुखणं वाढवतो आणि तोच पोटाच्या आतल्या अस्तराची राखण करतो. गोळी त्याला बंद पाडते. दुखणं थांबतं, पण राखणदारही जातो.

"अन् तशात वरून दारू पडली," मी बोट उगारलं, "तं अस्तर सोलून निघते. रक्त पडते पोटात."

"म्हंजे राखणदार नाही अन् धानाच्या बांधीत ढोरं," मुलाचा काका म्हणाला.

"बरोबर!"

दसरूबाबांचा दोना हळूच खाली आला. "मीबी सकाळी घुटन्याची गोळी खाल्ली."

"कुठून आणली?"

"तुह्याच दुकानातून तं आनतो."

धानाची कापणी नुकतीच आटोपली होती. काकाने कमरेची खाल्ली होती, माझ्या मामाने खांद्याची. दोना या हातातून त्या हातात फिरत राहिला, कोणी ओठाला लावेना. माझं भाषण आयुष्यात पहिल्यांदाच लोकांना पटलं होतं.

"आमच्या घरी घोटाशिवाय सून नाही आली आजवर," दसरूबाबा उठायच्या बेतात म्हणाले. आईने डोळ्यांना पदर लावला. मी घाईघाईने म्हणालो, "थांबा, मी नीट समजावतो."

तेवढ्यात मंगला दारात आली. "दादा, आता एक शब्द बोलला तं मीच पिऊन टाकीन."

आत्याने तिला मागे सारलं, मामाच्या हातातला दोना घेतला आणि सगळाच्या सगळा भुईवर ओतला.

"पुरख्याईले घुटने नाही दुखत. त्याईले पिऊ द्या सारी. तुम्ही त्या ओल्या मातीत बोट बुडवा अन् कपाळाले लावा."

दसरूबाबांनी त्या ओल्या मातीकडे पाहिलं. मग वाकले, बोट टेकवलं, कपाळाला लावलं आणि मला मिठी मारली. सोयरीक पक्की झाली. मला भरून आलं. (सगळ्यांना वाटलं बहिणीच्या मायेने. अर्धं श्रेय दाढेचं.)

जेवताना पहिल्याच घासाला कळ आली. बायकोला म्हटलं, माझ्या खिशातली आणखी एक गोळी दे.

तिने दोन्ही पट्ट्या काढून उलटसुलट पाहिल्या. "दुखण्याची पट्टी तर भरलेली आहे. तुम्ही सकाळी ॲसिडिटीची खाल्ली."

म्हणजे अख्ख्या अंगणात राखणदार जागेवर असलेलं, घोट घेण्याजोगं पोट एकच होतं, आणि ते भाषण देत होतं.