अंगठ्याची गोड बातमी

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. ही गोष्ट ऐकताना आमच्या नणंदेला असा ठसका लागला होता की तिच्या पाठीवर थापा मारायला मलाच उठावं लागलं. आणि गोष्ट काय, तर माझ्या उजव्या अंगठ्याची. दुखला माझा अंगठा आणि पेढे वाटले गेले काशीतल्या आमच्या सगळ्या दूधविनायक मोहल्ल्यात!

मी सोलापूरची. लग्न होऊन काशीला आले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि गल्लीत केबल टीव्ही नुकता आला होता. आमचे हे मिर्झापूरला बँकेत, शनिवारी घरी यायचे. एरवी घरात सासूबाई, मामंजी आणि मी. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पाठशाळेत वेद शिकवायचे. देह असा की गल्लीत समोरून सांड आला तर सांडच बाजूला व्हायचा. पण पौषातल्या थंडीतही पहाटे मुन्शी घाटावर स्नान, आणि अंगावर काय, तर एक उपरणं. मग दिवसभर खोकत खोकत शिकवायचं.

मला त्या खोकल्याचं फार वाईट वाटायचं. आणि खरं सांगू? थोडा स्वार्थही होता. नवी सून, परका मुलूख. वाटायचं, आपण काहीतरी असं करावं की सगळ्यांनी म्हणावं, सून असावी तर अशी. म्हणून मनाशी ठरवलं, संक्रांतीला मामंजींच्या अंगावर माझ्या हातचा स्वेटर चढलाच पाहिजे. आणि तोवर कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

आता सोलापुरात स्वेटर कोण विणणार? तिथे घामानेच माणूस ओला. इकडे मात्र थंडी पडली की बायका सुया घेऊन गच्चीवर उन्हात बसतात. शेजारच्या मिसराइन चाचींनी मला शिकवलं, त्यांच्याच गच्चीवर. टाका सुटेल या भीतीने मी सुया आणि लोकर अशी आवळून धरायची, जणू सोडली की पळूनच जाणार. चाची रोज म्हणायच्या, "दुलहिन, हाथ ढीला रखो." मी म्हणायची, "हाँ चाची," आणि आणखी आवळायची.

थोड्याच दिवसांत अंगठा ठणकायला लागला. मुळापासून मनगटापर्यंत कळ. चहाचा कप उचलला तरी डोळ्यांत पाणी यायचं.

सासूबाईंनी कारण शोधून काढलं. मामंजींच्या पूजेचं गंध मी सहाणेवर उगाळायची ना, तेच! "ते चंदनाचं खोड घासून घासून झालंय सगळं," त्या म्हणाल्या. "आजपासून बिलकुल हात लावायचा नाही." दुसऱ्या दिवशी मामंजी बिचारे स्वतः गंध उगाळायला बसले. मग माझ्याकडून कणीक गेली. मग धुणं पिळणं गेलं.

आणि एवढा मोकळा वेळ मिळाल्यावर मी काय करणार? गच्चीवर जाऊन विणणार. जेवढा आराम, तेवढं विणकाम, आणि जेवढं विणकाम, तेवढी कळ. मला हे का सुचू नये? कारण विणणं हे काम आहे हेच माझ्या डोक्यात नव्हतं. काम म्हणजे स्वयंपाक, काम म्हणजे धुणं. उन्हात पाय पसरून सुया हलवायच्या ही तर चैन झाली.

शेवटी सासूबाई मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी अंगठा मुठीत दाबून धरायला सांगितला आणि मनगट खाली वाकवलं. मी अशी किंचाळले की बाहेर बसलेले पेशंट उभे राहिले. "हाथ का कोई नया काम शुरू किया है?" डॉक्टरांनी विचारलं. सासूबाई शेजारीच. सांगितलं तर गुपित फुटणार. "जी नहीं," मी म्हटलं आणि कंपाउंडरकडे पट्टी बांधायला गेले.

माझ्या पाठीमागे डॉक्टर सासूबाईंना काय म्हणाले ते मला फार उशिरा कळलं. ते म्हणाले होते, "इस उमर में यह दर्द ज़्यादातर नई माँओं को होता है, बच्चा उठाने से. कभी-कभी पेट से हों, तब भी." डॉक्टर बापडे कारणं सांगत होते. सासूबाईंना मात्र बातमी कळली.

घरी आल्यावर हुकूम सुटला, जिना चढायचा नाही. मला वाटलं, अंगठ्याचा आणि जिन्याचा काय संबंध? पण म्हटलं, असेल काही नसांचं. मी खोलीतच, पांघरुणाआड विणायला लागले. सकाळी मामंजी स्वतः मातीच्या पुरव्यात, म्हणजे कुल्हडात, मलइयो घेऊन आले, थंडीतच मिळणारा तो दुधाचा गोड केशरी फेस. "खा. जपून राहा," म्हणाले आणि लाजून निघून गेले. एका अंगठ्यासाठी केवढी ही माया, मला तर भरून आलं.

मग एक दिवस सासूबाईंनी गोधडी उन्हात घालायला उचलली आणि तिच्यातून पिवळ्या लोकरीचा गुंडा घरंगळत बाहेर आला. संपलं, म्हटलं. पण त्यांनी गुंडा उचलून हळूच जागेवर ठेवला, पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "मला काही दिसलं नाही हं." किती मोठ्या मनाची बाई, मला वाटलं.

शनिवारी हे घरी आले ते गाल फुगवूनच. "सगळ्या गल्लीला माहीत आणि मला सगळ्यांत शेवटी?"

"अहो, अंगठ्याचं काय फोन करून सांगायचं?"

"अंगठा?"

मग त्यांनी सरळच विचारलं आणि तेव्हा कुठे मला जिन्याचा, मलइयोचा, गुंड्याचा उलगडा झाला. दुसऱ्याच दिवशी माझ्या पहिल्या संक्रांतीचं हळदीकुंकू. पेढ्यांची ऑर्डर गेलेली. "तूच सांग आईला," म्हणून हे जे घाटावर पळाले ते जेवायलाच उगवले.

सासूबाई एकट्या काही सापडेनात. हळदीकुंकवाला मी काळी साडी नेसून, हलव्याचे दागिने घालून बसलेली, खोली बायकांनी भरलेली, आणि त्या तिळगुळाबरोबर पेढा हातावर ठेवताहेत. त्यांचा तो फुललेला चेहरा बघून सांगायचा धीर होईना. पण आणखी गप्प बसले असते तर बारशाचीही तारीख निघाली असती. मी उठले. "आई, तसं काही नाहीये. विणून विणून अंगठा दुखतोय. स्वेटर मामंजींसाठी आहे."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला रडूच आलं. निदान पुरावा तरी दाखवावा म्हणून मी आत धावले आणि सकाळीच पुरा केलेला स्वेटर आणून सगळ्यांसमोर पसरला.

गल्लीतल्या सगळ्यांत थोरल्या गोदूकाकू चष्मा सावरून पुढे वाकल्या. "हा? तुझ्या सासऱ्यांचा? अगं, हा पाच वर्षांच्या पोराला व्हायचा नाही!"

माझी वीण इतकी घट्ट होती हो! मापाने टाके घातले होते, पण आवळून आवळून स्वेटर निम्मा झाला होता. "लाजतेय पोरगी," गोदूकाकूंनी जाहीर केलं. सासूबाईंचा चेहरा परत फुलला. मी शपथा घेतेय आणि कुणी ऐकत नाही. मिसराइन चाची तेवढ्या भिंतीला टेकून हसत होत्या.

हा गोंधळ ऐकून मामंजी आत आले. माझ्या डोळ्यांतलं पाणी बघितलं, स्वेटर बघितला, आणि उपरणं बाजूला ठेवलं. "माझाच आहे. आण इकडे."

हात कसेबसे गेले. डोकं कानांपर्यंत जाऊन अडकलं. दोन्ही हात वर, तोंडावर पिवळी लोकर, आणि आतून "शिव शिव, शिव शिव." सासूबाईंनी आणि चाचींनी दोन्हीकडून ओढून एकदाचा काढला. पण ओढाताणीत बाहीत अडकून मामंजींचा अंगठा मुरगळला. सासूबाईंनी स्वेटरची घडी केली. खूप वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "राहू दे. लागेल कधीतरी."

सोमवारी मी मामंजींना घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेले. तीच मूठ, तेच मनगट, आणि मामंजींच्या ओरडण्याने तेच पेशंट उभे. डॉक्टरांनी सवयीने विचारलं, "बाबूजी, घर में छोटा बच्चा है? गोद में उठाते हैं?"

मामंजी खोकले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बच्चा नहीं है, डॉक्टर साहब. बहू ने स्वेटर बुना है."