परत कधी यायचं?

आप्पा डॉक्टरांनी आयुष्यात एकाही विद्यार्थ्याला पास केलं नाही. ते काम त्यांनी पेशंटांवर सोपवलं होतं. आमच्या कॉलेजातली शेवटच्या वर्षाची मुलं महिनाभर पुण्याजवळच्या भरे गावातल्या त्यांच्या दवाखान्यात शिकायला जात. आम्ही पेशंट तपासला, औषध समजावलं, की आप्पा त्या पेशंटकडे वळून विचारत, "काय, पास का नापास?" मग ज्यांचं मत घरातही कुणी विचारत नसे, अशी माणसं घसा साफ करून निकाल देत.

हे सगळं आप्पा फुकट करत. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "फुकट कुठलं? आधी एकटाच बसून जांभया द्यायचो. आता हसायला तुम्ही आहात."

पहिल्याच दिवशी माझ्या वाट्याला पारूआक्का आल्या. त्यांचं ब्लडप्रेशर जुनं आणि तोंडाचा पट्टा त्याहून जुना. मीठ, लोणचं, पापड, गोळ्या, चालणं, सगळ्यावर मी वक्तृत्व स्पर्धेत बोलावं तशी बोलले. आक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नापास."

"का हो आक्का?"

"समदं सांगितलंस. पर परत कवा यायचं त्ये न्हाई सांगितलंस. म्हंजी म्या परत यावं आसं काय तुला वाटत न्हाई."

आप्पा खुर्चीत गदागदा हसले. मग म्हणाले, "बरोबर आहे तिचं. परत ये म्हटलं की माणसाला वाटतं, कुणीतरी आपली वाट बघतंय. अर्धं औषध तेच असतं, पोरी." माझ्याबरोबरचा मित्र आक्कांच्या म्हशीची चौकशी करून त्याच दिवशी पास झाला. मी मात्र रोज कुणाकडून तरी नापास होत होते. लहानपणापासून हुशार म्हणवून घेतलेल्या मुलीला हे फार झोंबतं. जायच्या आधी एकदा तरी पास व्हायचंच, असा मी हट्टच धरला होता.

नवख्या पेशंटांची तर पंचाईत व्हायची. जवळच्या चांदे गावात भाड्याने राहणारा एक आयटीतला माणूस मान दुखते म्हणून आला होता. निकाल विचारल्यावर तो गोंधळला. "फीडबॅक कुठे भरायचा? स्टार द्यायचे का?"

"तारे गच्चीवर जाऊन बघा," आप्पा म्हणाले. "हितं फक्त पास का नापास."

आप्पांचा एक दोष सगळ्या गावाला ठाऊक होता. पेशंटांना तेलकट बंद करायचं आणि स्वतः पिरंगुटच्या चौकातली भजी खायची. टोकलं की म्हणत, "सल्ला पाळून संपवला तर पेशंटांना काय देऊ?"

महिना संपत आला होता. एका सकाळी आप्पा पायरी चढताना थांबले. कपाळावर घाम, चेहरा पांढराफटक, हात छातीवर. "पित्त आहे. कालची भजी," असं म्हणून ते खुर्चीकडे निघाले. मी पेशंटचं स्टूल पुढे ओढलं. "आप्पा, इथे बसा."

"बाक भरलाय बाहेर."

"बसा की," आक्का बाकावरून ओरडल्या. "पोरगी काय म्हंती त्ये बगू द्या."

आप्पा बसले. नाडी बघताना म्हणाले, "मनगट एवढं आवळू नकोस, पळून जात नाही मी." ईसीजीची पट्टी निघाली तसा त्यांनी हात पुढे केला. मी पट्टी पाठीमागे धरली. "पेशंटनं बघायची नसते." नियम त्यांचाच होता. मग मी त्यांना ॲस्पिरिन चावायला लावली आणि सांगितलं, "हार्ट अटॅक आहे. आत्ता पुण्याला निघायचं."

"एवढे पेशंट बघतो आणि..."

आक्का उठल्या. पिशवी काखेत मारली. "आमाला कुणालाच कायबी झाल्यालं न्हाई. चला रं समदी." आणि खोकणारे, लंगडणारे, ताप असलेले, सगळे उठून चालू लागले. इतकी माणसं एका मिनिटात बरी झालेली मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. त्या दिवशी परत आलेला मानदुखीवाला तेवढा थांबला, कारण गाडी त्याची होती.

भूगावच्या कोंडीत तो हॉर्न वाजवत होता आणि मागच्या सीटवर मी आप्पांचा हात धरून बसले होते. ते वाटेतच जातील, अशी मला भीती वाटत होती. त्यांनी डोळे मिटले आणि पुटपुटले, "नापास."

"का?"

"परत कधी यायचं?"

मी रडत ओरडलेच, "गुरुवारी! हा नाही, पुढचाही नाही, त्याच्या पुढचा! दवाखान्यात या. मी वाट बघतेय!"

"हां," आप्पा म्हणाले. "आता पास."

त्या गुरुवारी ते खरंच आले. काम करायला मनाई होती म्हणून पेशंटांमध्ये बाकावरच बसले. बरी झालेली मंडळी पुन्हा आजारी पडून झाडून हजर होती.

पुढे काही वर्षं आप्पांनी दवाखाना चालवला, भजीसकट. मी आता पुण्याच्या कडेला, सूसला असते. माझ्याकडेही मुलं शिकायला येतात आणि सोसायट्यांतली माणसं त्यांना हौसेने नापास करतात.

गेल्या थंडीत आप्पा गेले, झोपेतच. मी भऱ्याला पोचले तेव्हा आक्का बंद दवाखान्याच्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या. मी शेजारी बसले. माझं रडू थांबत नव्हतं. आक्का दाराच्या कुलपाकडे बघत होत्या.

"नापास," त्या म्हणाल्या. "परत कवा यायचं त्ये न सांगताच ग्येला."