आत्याचा आवाज

माझी आत्या कुजबुजायला लागली की खालच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घ्यायचे. त्यात तिचा दोष नव्हता. ऐन विशीपासून ती कापड गिरणीत माग चालवत होती. सगळे माग एकदम खडखडायला लागले की शेजारणीला नुसतं "धागा तुटला गं" सांगायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. तेही ऐकू गेलं नाही, तर ओठांवरून ओळखायचं.

मग गिरणी बंद पडली. माग भंगारात गेले आणि आत्या आवाजासकट घरी आली. एका कापड दुकानात तिला काम मिळालं, पण आठवडाभरात मालकांनी हात जोडले. "बाई, माल तुम्ही छान दाखवता हो, पण गिऱ्हाईक दचकून पळतं!"

आत्या हिरमुसली, पण संध्याकाळपर्यंतच. दुकानातल्या पळापळीची नक्कल करून तिने आम्हाला पोट धरून हसवलं.

पुढे बाबांची कंबर धरली, म्हणून आम्ही तिघं धर्मादाय दवाखान्यात गेलो. बाकांवर बहुतेक गिरणीतलेच म्हातारे, मागांच्या खडखडाटाने कान गेलेले. नर्सबाई दारातून पुकारा करत होत्या आणि कुणी जागचं हलत नव्हतं.

आत्याला राहवेना. "ओ फिटरदादा! आत बोलावतायत!"

फिटरदादा ताडकन उभे राहिले. "आं? गिरणी सुरू झाली का काय?"

सगळं दालन हसलं. आत्या त्यांच्याबरोबर आतही गेली. डॉक्टरीणबाईंचा प्रश्न तिने ओठ सावकाश हलवून, आवाज न काढता विचारला. दादांनी घडाघडा उत्तर दिलं. मग दुसरा म्हातारा, मग तिसरा. बाबांचा नंबर मात्र सगळ्यांत शेवटी लागला.

"उद्या याल का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रोज येईन, पण नोकरी म्हणून," आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी विश्वस्तांच्या मागे लागून ती मिळवून दिली. आता दवाखान्यात गिरणीतल्या खात्याखात्यांचे बाक ठरलेत. यंत्रांना तेल घालणारे मामा तर रोज हजर. परवा नर्सबाईंनी वैतागून विचारलं, "तुम्हाला नक्की होतंय तरी काय?"

आत्याने ओठांनी प्रश्न पोचवला. मामा म्हणाले, "काही नाही. घरी करमत नाही."

"मग सरका थोडं," आत्या म्हणाली. "आजारी माणसाला बसू द्या."